आयसोल्डवरचा माझा पहिला बीमटाइम

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला जवळजवळ तेच प्रश्न विचारले. तिघेही पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात. "ताई, तिकडे बीमटाइमला जायचं म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं?" तिकडे म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातल्या आयसोल्डला, आणि बीमटाइम म्हणजे प्रयोगासाठी कणांचा झोत, म्हणजे बीम, मिळण्याची ठरलेली वेळ. फोनवर सांगताना दरवेळी काहीतरी राहून जायचं. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे. वही समोर आहे, त्यामुळे तारखा आठवणीतून काढलेल्या नाहीत.

मी गॅमा किरणांवर काम करते. अणूच्या केंद्रकाला थोडी ऊर्जा द्यायची, ते परत खाली येताना गॅमा किरण सोडतं, आणि त्या किरणांच्या ऊर्जेवरून केंद्रकाचा आकार, त्याची रचना ओळखायची. हे काम मी शिकले ते कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आवारातल्या पेलेट्रॉन या कणप्रवेगकावर. तिथे 'इंगा' नावाची भारतीय गॅमा शोधकांची मांडणी असते. ती मुंबई, दिल्ली आणि कोलकाता अशी फिरत राहते. तिच्यातल्या प्रत्येक क्लोव्हर डिटेक्टरमध्ये पानाच्या पाकळ्यांसारखे चार जर्मेनियमचे क्रिस्टल असतात. पहिलं वर्षभर माझं मुख्य काम होतं त्या क्लोव्हरना द्रवरूप नायट्रोजन पाजणं. हातमोजे, चष्मा, पाइपावर साचणारं पांढरं बर्फ आणि वहीत वेळ. तेव्हा वाटायचं, यात फिजिक्स कुठे आहे? पुढे आयसोल्डवर पहिल्या दिवसापासून उपयोगी पडलं ते हेच.

आपल्याकडच्या पेलेट्रॉनवर बीम असतो तो स्थिर केंद्रकांचा. निसर्गात न सापडणारी, सेकंदभर किंवा त्याहून कमी जगणारी केंद्रकं अभ्यासायची तर ती जिथे तयार होतात तिथेच जावं लागतं. आयसोल्ड ही सर्नमधली तशी जागा. १९६७ पासून सुरू आहे. १.४ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडच्या जाड, तापलेल्या लक्ष्यावर आदळतात. त्यातून शेकडो प्रकारचे समस्थानिक निर्माण होतात, उष्णतेने बाहेर झिरपतात, लेझरने त्यांचं आयनीभवन होतं आणि चुंबकाने वस्तुमानानुसार हवे तेवढे वेगळे काढले जातात. मग सापळा, मग आयनांचे आणखी इलेक्ट्रॉन काढणारं यंत्र, मग अतिसंवाहक पोकळ्यांचा प्रवेगक. या वाटेत बहुतेक आयन गळतात. शंभरातले पाच-दहा शेवटपर्यंत पोचले तरी लोक समाधानी असतात.

एक हिशोब मला जाण्याआधी कुणीतरी करून दाखवायला हवा होता. पेलेट्रॉनवर एक नॅनो-अँपिअर कणप्रवाह म्हणजे सेकंदाला सहाशे कोटींच्या वर कण. आयसोल्डवर आमच्या लक्ष्यावर यायचे ते सेकंदाला एखाद लाख. म्हणजे हजारांच्या पटींत कमी. म्हणून तिथला गॅमा शोधक लक्ष्याला अगदी बिलगून बसवावा लागतो. मग जवळ बसवल्यामुळे जो कोनाचा घोळ होतो, तो निस्तरायला क्रिस्टलचे आणखी तुकडे पाडावे लागतात. आयसोल्डवरच्या गॅमा शोधकांच्या मांडणीचं नाव मिनिबॉल, आणि तिची सगळी रचना या एका अडचणीतून निघाली आहे. तीन-तीन क्रिस्टलचे ८ क्लस्टर, म्हणजे २४ क्रिस्टल. प्रत्येकाला मधला एक संपर्क आणि बाहेरचे ६ भाग. एकूण १६८ वाहिन्या.

आता सुरुवातीपासून.

आमच्या गटाचा प्रस्ताव सर्नच्या समितीसमोर फेब्रुवारी २०२३ मध्ये गेला. प्रस्ताव युरोपातल्या एका विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली होता. माझे सर त्यात सहभागी. समिती वेळ मोजते ती शिफ्टमध्ये, एक शिफ्ट म्हणजे ८ तास. आम्ही २१ मागितल्या, १८ मिळाल्या. सहा दिवस. मग वर्षभर काहीच नाही. उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंतच प्रवेगित बीम मिळतो आणि त्या काळात सगळ्यांनाच जागा हवी असते. १८ एप्रिल २०२४ ला ईमेल आला: बीमटाइम १२ ते १८ सप्टेंबर. केंद्रकाचं नाव इथे लिहीत नाही, विश्लेषण अजून चालू आहे. मध्यम वजनाचं, न्यूट्रॉन जास्त असलेलं आणि काही सेकंद जगणारं, एवढं पुरे.

२२ एप्रिलला मी विद्यापीठात परदेशगमनाच्या परवानगीची फाइल टाकली. जोडपत्रं: निमंत्रणाचं पत्र, सरांची शिफारस, प्रवासखर्चाचा अंदाज, रजेचा अर्ज, फेलोशिप चालू असल्याचा दाखला. त्यानंतर लोकसभेच्या निवडणुका. कार्यालयातले अर्धे लोक निवडणूक ड्यूटीवर. फाइल एका टेबलावर सोळा दिवस होती, कारण खर्चाच्या अंदाजावर सरांची सही होती, पण खाली तारीख नव्हती. हे मला कुणी कळवलं नाही, मी स्वतः गेले तेव्हा आवक-जावकच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, फोन नंबर लिहीत जा ना फाइलवर. आम्ही कुणाला सांगणार?" तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलने माझा नंबर असतो. तुम्हीही लिहा. एनओसी हातात पडली ५ जूनला.

त्याच काळात सर्नची नोंदणी. ती ऑनलाइन सुरू होते, पण आपल्या संस्थेचं नाव त्या प्रयोगाशी आधी जोडलेलं असावं लागतं आणि टीम लीडरची संमती लागते. हे आधी सरांना विचारून घ्या, कारण संस्थेचं नाव जोडायचं राहिलं असेल तर तुमचा अर्ज पुढेच सरकत नाही. शिवाय लागलं ते संस्थेचं घोषणापत्र, आरोग्यविम्याचा पुरावा, किरणोत्सारी क्षेत्रात काम करण्यास योग्य असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि आतापर्यंत अंगावर आलेल्या किरणोत्सर्गाच्या डोसची नोंद. ही नोंद कुलाब्याच्या टीएलडी बिल्ल्यामुळे, म्हणजे डोस मोजायला अंगावर लावतात त्या बिल्ल्यामुळे, माझ्याकडे होती. बिल्ले आपल्याकडे तिमाहीने मोजले जातात, त्यामुळे ताजा आकडा लगेच मिळत नाही. मला त्यासाठी पाच आठवडे थांबावं लागलं.

व्हिसा स्विस शेंगेनचा, कमी मुदतीचा. ११ जूनपासून शेंगेनची फी ८० वरून ९० युरो झाली. माझा अर्ज २ जुलैला, त्यामुळे नव्या दराने रुपयांत आठ हजारांच्या थोडं वर गेले, व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. महिनाभराचा मला १,९०० रुपयांना मिळाला. मुलाखतीच्या खिडकीवर मला एकच प्रश्न आला: परत येणार ना? पीएच.डी.चं नोंदणीपत्र आणि एनओसी वरच ठेवा, खालून उपसत बसू नका. १९ जुलैला पासपोर्ट परत आला. तिकीट काढलं, मुंबई ते झुरिच, जाऊन-येऊन ६७,४०० रुपये. पैसे माझ्या खात्यातून, मागाहून मिळतील या बोलीवर. बाबांनी अर्धे दिले. तिथे राहण्याचा खर्च सहकारी गटाच्या निधीतून झाला. हे जाण्याआधी लेखी विचारून घेतलं होतं. संकोच वाटत होता, पण विचारल्यामुळे ऑगस्टभर नीट झोप लागली.

ऑगस्टात सर्नचे ऑनलाइन सुरक्षावर्ग केले: सामान्य सुरक्षा, किरणोत्सर्ग, वीज. प्रत्येकाच्या शेवटी परीक्षा. विमानात बसण्याआधीच पूर्ण करा. तिथे पोचल्यावर यात वेळ घालवणं परवडत नाही.

आईला मुख्य काळजी किरणोत्सर्गाची. तिला समजावलं की माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, आणि मी जिथे बसणार तिथे बीम चालू असताना कुणी यंत्राजवळ उभं राहत नाही. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण गणपतीत नसशील ना तू." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी, १७ ला अनंत चतुर्दशी. बीमटाइम नेमका त्याच्यात. बॅगेत मेतकूट, भाजणी आणि पातळ पोह्यांचा चिवडा आला.

३१ ऑगस्टला, शनिवारी पहाटे झुरिचला उतरले. तिथून रेल्वेने पावणेतीन तासांत जिनिव्हा, स्टेशनसमोरून १८ नंबरची ट्राम. तिचा शेवटचा थांबाच सर्न आहे, चुकायची भीती नाही. रविवारी जिनिव्हातली बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशनवरची आणि विमानतळावरची तेवढी उघडी. आणि ५ सप्टेंबरला, गुरुवारी, जिनिव्हाची स्थानिक सुट्टी होती, हे मला ठाऊक नव्हतं. तांदूळ-दूध आधी भरून ठेवा.

वसतिगृहाजवळच नटराजाची मूर्ती आहे. भारताने २००४ मध्ये भेट दिलेली, दोन मीटर उंच. नकाशा कळेपर्यंत मी सगळे रस्ते तिच्यापासून मोजत होते.

सोमवारी, २ सप्टेंबरला, युझर्स ऑफिस, मग प्रवेशपत्र, मग डोसिमीटर. इथला डोसिमीटर महिन्यातून एकदा स्वतःच यंत्रात घालून वाचायचा असतो. आयसोल्डच्या हॉलसाठी आणखी एक वर्ग प्रत्यक्ष हजर राहून करावा लागतो. तो ठरावीक वारीच असतो, म्हणून निदान एक आठवडा आधी पोचा. बीमच्या आदल्या दिवशी आलेल्या एका मुलाला पहिल्या दोन शिफ्ट हॉलमध्ये पाय ठेवता आला नाही. तो सगळा वेळ नियंत्रण कक्षातच होता.

४ तारखेला मिनिबॉल पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. छायाचित्रांत तो गोल, चकचकीत दिसतो. प्रत्यक्षात आधी दिसतात त्या केबली. कमानींवर बसवलेले क्लस्टर, मागे नायट्रोजनच्या टाक्या, मध्ये लक्ष्याची कोठी, आणि केबलींचे जाड गठ्ठे. ज्या संशोधिकेकडे मला सोपवलं होतं ती म्हणाली, "आज काहीच करू नकोस. फक्त कुठली केबल कुठे जाते ते वहीत काढ." मी चार तास तेच केलं. २४ क्रिस्टल, त्यांचे क्रमांक, त्यांचे कोन, कुठला क्लस्टर पुढच्या अंगाला, कुठला मागच्या. पुढच्या पंधरा दिवसांत ते चौपानी चित्र मी इतक्या वेळा उघडलं की घडीवर फाटलं.

जर्मेनियमचा क्रिस्टल द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाजवळ थंड असल्याशिवाय त्याला व्होल्टेज देता येत नाही. उबदार असताना दिलं तर उष्णतेनेच सुटलेले इलेक्ट्रॉन प्रवाह वाढवतात आणि पुढचा प्रवर्धक जळू शकतो. म्हणून पहिले दोन दिवस भरण आणि तापमान. मग व्होल्टेज, एकेका क्रिस्टलला, शंभर-शंभर व्होल्टने, गळती प्रवाहाकडे बघत. शेवटचा आकडा तीन ते साडेचार हजार व्होल्ट, प्रत्येकाचा वेगळा. क्रिस्टलच्या नावापुढे तो तक्ता भिंतीवर लावलेला असतो. तरी दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि मग चढवा. आम्ही तसंच केलं.

मग रिझोल्यूशन, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची क्षमता. कोबाल्ट-६० चा किरणोत्सारी सोर्स ठेवायचा आणि १३३२ केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) पीकची, म्हणजे आलेखातल्या शिखराची, रुंदी मोजायची. सव्वादोन-अडीच केईव्ही आली तर क्रिस्टल चांगला. न्यूट्रॉनचा मार बसलेला असेल तर पीकला खालच्या ऊर्जेकडे शेपूट फुटते, आणि मग तो क्रिस्टल काही दिवस निर्वातात शंभर अंशांच्या आसपास तापवून बरा करावा लागतो. आमच्या २४ पैकी एका क्रिस्टलची रुंदी ३.८ आली. शेपूट नाही, दोन्ही बाजूंनी सारखा फुगलेला. मला वाटलं, संपलं, आता हा गेला. शेजारच्या ज्येष्ठांनी ऑसिलोस्कोप जोडायला सांगितला. पडद्यावर सिग्नलची आधाररेषा सरळ असायच्या ऐवजी हळूच वरखाली होत होती, दर २० मिलिसेकंदांनी एक लाट. ५० हर्ट्झ. म्हणजे घरातल्या दिव्याची वीज. क्रिस्टलचा काही दोष नव्हता. मी त्या केबलीवर हात फिरवत मागे मागे गेले तेव्हा कळलं, तिचं धातूचं टोक चौकटीच्या एका पट्टीला टेकलं होतं. मध्ये रबराचा तुकडा सरकवला. रेषा माझ्या डोळ्यांदेखत सपाट झाली. पुन्हा सोर्स, रुंदी २.४. कुलाब्याला हाच गोंधळ व्हॅक्यूम पंपाच्या अर्थिंगमुळे आम्ही भोगला होता, त्यामुळे लाट ओळखीची वाटली.

७ सप्टेंबर, चतुर्थी. सकाळी घरच्या आरतीला व्हिडिओ कॉलवर होते, तिकडे तेव्हा दुपार झाली होती. मग दिवसभर युरोपियम-१५२. या एका सोर्समधून १२२ पासून १४०८ केईव्हीपर्यंत ओळखीच्या रेषा मिळतात, त्यावरून ऊर्जेचं आणि कार्यक्षमतेचं कॅलिब्रेशन होतं. बेरियम-१३३ खालच्या ऊर्जांसाठी. एक छोटी गोष्ट: सोर्सचा अनुक्रमांक, त्याची मूळ सक्रियता आणि ती कुठल्या तारखेची, हे रन, म्हणजे मोजमापाची फेरी, सुरू करण्याआधी लॉगबुकात लिहा, आणि सोर्स लक्ष्याच्या जागेपासून किती मिलिमीटरवर ठेवला तेही. युरोपियमचं अर्धायुष्य साडेतेरा वर्षं आहे; तारीख नसेल तर कार्यक्षमतेचा सगळा आलेख चुकतो. आमच्या आधीच्या एका रनमध्ये तारीख नव्हती आणि आम्ही ते मोजमाप पुन्हा केलं. तीन तास.

सोर्स काढून घेतल्यावर रात्रभर नुसता परिसर मोजत ठेवला. सकाळी १४६१ ची रेषा ठसठशीत उभी होती, भिंतींच्या काँक्रीटमधलं पोटॅशियम-४०. वर २६१५ ला थोरियमच्या मालिकेतली. त्याच दोन रेषा कुलाब्यालाही असतात. मला का कोण जाणे, त्या दिवशी त्या बघून फार बरं वाटलं.

१२ तारखेला सकाळी आठला आमची पहिली शिफ्ट. आणि बीम नाही. लक्ष्याच्या बाजूला काहीतरी अडलं होतं, दुरुस्ती चालू. आधी म्हणाले दुपारी, मग संध्याकाळी. वर्षानुवर्षांची वाट आणि त्यातल्या मोजून १८ शिफ्टमधून एकेक गळताना बघणं फार कठीण जातं. कुणी चिडत नव्हतं, त्याचं मला आश्चर्य वाटलं. पण तो वेळ वाया गेला नाही. प्रवेगकाला स्थिर निऑन-२२ चा बीम देता येत होता. तो ड्युटेरियम असलेल्या पातळ पॉलिथिनवर सोडला की निऑन-२३ तयार होतं आणि १०१७ केईव्हीचा गॅमा किरण सोडतं. केंद्रक वेगात असताना सुटल्यामुळे तो प्रत्येक कोनात वेगळ्या ऊर्जेवर दिसतो, आणि त्या फरकावरून क्लस्टर नेमका कुठल्या कोनात बसला आहे ते काढता येतं. मोजपट्टीने काढलेल्या कोनांवर विसंबून चालत नाही. माझ्या चौपानी चित्रातला एक क्लस्टर तीन अंशांनी चुकलेला निघाला.

१३ ला पहाटे साडेपाचला आमचा बीम आला. एकूण जवळजवळ बावीस तास गेले.

तो क्षण कसा असतो, हे मला नेहमी विचारतात. पडद्यावर एका कोपऱ्यात प्रोटॉनच्या ठोक्यांची माळ सरकत असते, एकेक घर १.२ सेकंदांचं. त्यातली काही आयसोल्डची. लक्ष्यामागच्या सिलिकॉनच्या चकतीवर, ज्यात प्रत्येक चतकोरात १६ कडी असतात, आधी काहीच नाही, आणि मग एकदम कणांचे ठिपके. थेंबाथेंबाने नाही, झुंडीने; कारण आयन आधी सापळ्यात गोळा होतात आणि मग एकत्र सोडले जातात. झुंड, शांतता, झुंड. मी अर्धा तास नुसती बघत बसले. कुणी मला काही म्हटलं नाही.

आमची पद्धत अशी: केंद्रक शिशाच्या, म्हणजे लेड-२०८ च्या पातळ पत्र्याजवळून जातं. ऊर्जा इतकीच ठेवतात की दोघे एकमेकांना टेकू शकत नाहीत. फक्त विद्युतक्षेत्राने आमचं केंद्रक उत्तेजित होतं. लेड-२०८ ची स्वतःची पहिली पातळी २.६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर, त्यामुळे ते आमच्या रेषांमध्ये लुडबुड करत नाही. आता केंद्रकाचा वेग प्रकाशाच्या सुमारे दहा टक्के. समजा खरी रेषा ६०० केईव्हीची आहे. ४५ अंशांवरच्या क्रिस्टलला ती ६४० ला दिसेल, १३५ अंशांवरच्याला ५६० ला. सगळे क्रिस्टल एकत्र केले की पीक दिसतच नाही, एक रुंद, लोळागोळा झालेली टेकडी दिसते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर तीच टेकडी होती आणि मला मनातून धसका बसला की काहीच नाही. मग कणाची दिशा सिलिकॉनवरून, गॅमाची दिशा क्रिस्टलच्या कुठल्या भागात सर्वांत जास्त ऊर्जा पडली त्यावरून, असं प्रत्येक घटनेचं गणित करून तोच विदा (डेटा) पुन्हा मांडला. टेकडी आक्रसत आक्रसत एका जागी उभी राहिली. मोजके शंभर-सव्वाशे काउंट, म्हणजे नोंदलेले किरण. पण पीक होतं. सहा भागांचे क्रिस्टल कशासाठी केले, ते मी पेपरांत चार वर्षं वाचत होते. कळलं त्या संध्याकाळी.

दुसरी गोष्ट भेसळीची. एकाच वस्तुमानाची शेजारची मूलद्रव्यंही बीममध्ये घुसतात. जस्ताच्या बीममध्ये गॅलियम येतं, कारण ते तापलेल्या पृष्ठभागावर लेझरशिवायच आयन होतं. म्हणून ठरावीक वेळाने लेझर बंद करून मोजायचं. लेझर बंद असताना जे उरतं ती भेसळ. आम्ही दर चार तासांनी हे करत होतो. झोपेत असलेल्या माणसालाही लॉगबुकात 'लेझर चालू' की 'लेझर बंद' हे लिहिण्याची सवय हवी. तो एक शब्द राहिला तर त्या रनचा अर्थच लागत नाही.

शिफ्टची वाटणी सकाळ, संध्याकाळ, रात्र. मी रात्र मागून घेतली, कारण भारतात तेव्हा पहाट उजाडत असते आणि आईशी बोलता येतं. रात्री बाराला गरम भात-मेतकूट, तीनला चिवडा. चिवड्याचा डबा टेबलावर ठेवला होता, दोन दिवसांत संपला. पोलंडच्या एका मुलाने पाककृती लिहून नेली.

१५ तारखेची रात्र मात्र मी विसरणार नाही. दर दोन तासांनी सगळ्या क्लस्टरची तापमानं लॉगबुकात उतरवायची असतात. एक वाजताची फेरी माझ्याकडून राहिली, कारण पीकमध्ये काउंट वाढताना बघण्यात मी गुंतले होते. तीन वाजून दहा मिनिटांनी बघितलं तर एका क्लस्टरचं तापमान आधीच्या आकड्यापेक्षा वर. भरण वेळेवर झालं होतं असं पडदा सांगत होता. माझे हात गार पडले. यादीवरच्या पहिल्या नंबरला फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला. तिकडून शांत आवाजात सांगितलं, "आधी त्या तीन क्रिस्टलचं व्होल्टेज उतरव. हळू. मग बाकीचं बघू. मी येते." वीस मिनिटांत ती सायकलवर आली. नायट्रोजन बाहेर पडायच्या नळीच्या तोंडाशी बर्फाचा बोळा साचला होता, त्यामुळे टाकी पुरती भरलीच नव्हती. गरम हवा मारून बोळा काढला, हाताने भरण केलं. क्लस्टर पुन्हा थंड होऊन व्होल्टेज चढेपर्यंत नऊ तास गेले. बाकी सात क्लस्टर चालू होते, बीम चालू होता. मी तिला सांगितलं की एकची फेरी मी केली नाही. ती म्हणाली, "लॉगबुकात तसंच लिही." लिहिलं. पुढे विश्लेषणात त्या नऊ तासांची कार्यक्षमता वेगळी धरायला ती ओळ लागलीच.

त्यानंतर मी मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावला. तुम्हीही पहिल्या दिवसापासून लावा. आणि फोन करायला घाबरू नका. रात्री तीनला उठवल्याबद्दल मला कुणीही रागावलं नाही. मी तासभर थांबले असते तर मात्र नक्की रागावले असते.

१७ ला अनंत चतुर्दशी. घरच्या विसर्जनाचा व्हिडिओ माझ्या शिफ्टच्या मध्ये आला. नियंत्रण कक्षात आवाज बंद करून बघितला.

१८ ला सकाळी बीम थांबला. लक्ष्याची कोठी लगेच उघडता येत नाही; थांबलेले किरणोत्सारी केंद्रक आत असतात. विकिरण-सुरक्षेचे लोक आधी मोजतात, मग परवानगी. आम्ही दोन दिवस थांबलो आणि मधल्या वेळेत पुन्हा युरोपियमचा रन घेतला, सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा जुळतो का बघायला. हॉलमधून बाहेर पडताना दरवेळी हात-पाय यंत्रावर ठेवून तपासायचे असतात; शेवटच्या दिवशीही ठेवले, हिरवा दिवा लागला. डोसिमीटर वाचला, नैसर्गिक पातळीच्या वर काही नव्हतं. आईला त्याचं छायाचित्र पाठवलं.

विदा दोन डिस्कवर, एक माझ्या हातातल्या बॅगेत, एक तिथेच. लॉगबुकाच्या प्रत्येक पानाची प्रत. २८ सप्टेंबरला निघाले. सर्नला ७० वर्षं दुसऱ्या दिवशी पूर्ण होणार होती, आवारात तयारी चालली होती.

परतल्यावर बिलं. बोर्डिंग पास चारही जपून ठेवा. मोबाइलवरचा चालणार नाही असं मला आमच्या कार्यालयात सांगितलं गेलं आणि एक पास मी कागदावर घेतलाच नव्हता. विमान कंपनीकडून प्रवास केल्याचं प्रमाणपत्र ईमेलने मागवलं, अकरा दिवसांत आलं. ते कार्यालयाने मान्य केलं. ६७,४०० पैकी ६०,००० मंजूर झाले, कारण तेवढीच मर्यादा होती, आणि ते खात्यात आले १९ मार्च २०२५ ला. व्हिसाची फी मिळाली, विम्याची नाही.

आता गोसिया नावाच्या जुन्या, भरवशाच्या प्रोग्रॅममध्ये पीकचं क्षेत्रफळ, बीमची भेसळ आणि कोन घालून केंद्रकाच्या विकृतीचा, म्हणजे त्याचा आकार गोलापासून किती वेगळा आहे त्याचा, आकडा काढते आहे. बावीस तास गेल्यामुळे चूक-मर्यादा आम्हाला हवी होती त्याहून थोडी मोठी आहे. सर म्हणतात, तशीच लिहायची.

मला प्रश्न विचारणाऱ्या तिघांपैकी कोल्हापूरच्या मुलाची फाइल सध्या आवक-जावकमध्ये आहे. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्याचा नंबर मीच लिहायला लावला.